टॉर्क रेंच कोणता घ्यावा? (आणि प्रयोगशाळेतलं कुठलंही उपकरण कसं निवडावं)

मागच्या दिवाळीत मी घरी होतो, कळंब तालुक्यातल्या आमच्या गावी. कापसाची वेचणी सुरू होती. बाबांची १०० सीसीची मोटरसायकल दिवसातून चार वेळा घर-शेत-घर करत होती आणि तिचं ऑइल बदलायला आलं होतं. मी म्हटलं, मिस्त्रीकडे कशाला जाता, मी करून देतो. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या, पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षात असलेल्या माणसाला ऑइलचा एक नट कसता येऊ नये? शिवाय मी नुसत्या हातानं कसणार नव्हतो. मित्राकडून खास टॉर्क रेंच मागून आणला होता.

मॅन्युअलमध्ये ड्रेन बोल्टसाठी २५ न्यूटन-मीटर लिहिलं होतं. पान्यावरची पट्टी मात्र २८ पासून सुरू होऊन २१० पर्यंत जात होती. मी मूठ उलटी फिरवून खूण २८ च्या जरा खाली आणली. म्हटलं, हे झालं अंदाजे २५. आणि 'टक्' आवाजाची वाट बघत कसत राहिलो. आवाज आलाच नाही. बोल्ट आधी घट्ट झाला, मग एकदम मऊ लागला आणि मग नुसताच फिरायला लागला. इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या खोक्यातले आटे गेले होते.

बाबा शेजारीच उभे होते. एवढंच म्हणाले, "हातानंच कसला असता तं असं झालं नसतं."

दोन दिवस गाडी बंद. ऐन वेचणीत दोन दिवस बाबा दुसऱ्यांच्या गाडीवर मागे बसून शेतात गेले. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीनं भोक मोठं करून त्यात आट्यांची स्लीव्ह बसवली. पाना हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि मला विचारलं, "भाऊ, पाना तं चांगला आहे. पण हा सुरू कुठून होते ते पाह्यलं होतं का?"

ते मी पाहिलं होतं. पाहून दुर्लक्ष केलं होतं, ही जास्त लाजिरवाणी गोष्ट. कारण हीच चूक मी प्रयोगशाळेत केली असती तर गाईडनं मला उभं केलं असतं. म्हणून हा लेख. विषय टॉर्क रेंचचा आहे. घरी गाडीचं काम करणाऱ्यांना सरळ उपयोगी पडेल. पण तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताय, संशोधन आराखडा लिहिताय, त्यांनी हा लेख 'उपकरण कसं निवडायचं' याचं उदाहरण म्हणून वाचावा.

टॉर्क म्हणजे काय, आणि आपल्याला हवं काय असतं?

टॉर्क म्हणजे पीळ देणारा जोर. आपण शाळेत 'आघूर्ण' म्हणून शिकलो तेच. जोर गुणिले अंतर. पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला १० किलो वजनाइतका जोर लावला तर ०.२५ × ९८ म्हणजे साधारण २४.५ न्यूटन-मीटर टॉर्क होतो. माझा ड्रेन बोल्ट एवढ्यावरच खूश होता. पण मी वापरलेला पाना जवळजवळ अर्धा मीटर लांब. त्याच्या टोकाला पाच किलोचा जोर लावला की तेवढाच टॉर्क. पाच किलो म्हणजे आपण पिशवी उचलतो तेवढा जोर! तो हाताला जाणवतही नाही. आवाजाची वाट बघत मी त्याच्या दुप्पट-तिप्पट कधी लावला, कळलंच नाही.

जुन्या मॅन्युअलमध्ये आकडा किलो-मीटरमध्ये असतो, काही पान्यांवर फूट-पाउंड असतं. १ किलो-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, १ फूट-पाउंड म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर. बऱ्याच पान्यांवर दोन पट्ट्या असतात. चुकून २५ फूट-पाउंडवर लावलं तर बोल्टला ३४ न्यूटन-मीटर बसतात, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त टॉर्क. एककं तपासा, हे दहावीपासून ऐकतोय. ऐकणं आणि करणं यात फरक आहे.

आता खरा प्रश्न. बोल्ट कसताना आपल्याला टॉर्क हवा असतो का? नाही. आपल्याला हवा असतो बोल्टमधला ताण. बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. कसला की तो केसभर लांबतो, आणि परत आखडायचा प्रयत्न करताना दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. चाक जागेवर राहतं ते या दाबामुळे. ताण कमी पडला तर गाडीच्या हादऱ्यांनी नट सैल होतो. जास्त झाला तर बोल्ट कायमचा ताणला जातो, तुटतो किंवा आटे जातात.

हा ताण बाहेरून दिसत नाही. म्हणून आपण टॉर्क मोजतो आणि त्यावरून ताणाचा अंदाज बांधतो. त्याचं साधं सूत्र असं:

टॉर्क = के × बोल्टचा व्यास × ताण

यातला 'के' म्हणजे घर्षणाचा हिशोब. कोरड्या, साध्या स्टीलच्या बोल्टसाठी तो साधारण ०.२ धरतात, तेल लागलेल्या आट्यांसाठी ०.१५ च्या आसपास. कारच्या चाकाचा १२ मिलिमीटर व्यासाचा नट १०० न्यूटन-मीटरवर कसला, तर कोरड्या आट्यांवर ताण येतो ४२ हजार न्यूटनच्या आसपास. सव्वाचार टन! एका नटामागे. आता तोच नट, तोच पाना, तोच १०० चा आकडा, फक्त आट्यांना 'गंज लागू नये' म्हणून ऑइल लावलं. ताण जातो ५५ हजारांच्या वर. पान्यानं काहीच चूक केलेली नाही. तरी ताण ३३ टक्क्यांनी वाढला.

असं का होतं? कारण आपण लावलेल्या टॉर्कपैकी ढोबळमानानं निम्मा नटाच्या बुडाशी घासण्यात जातो, ४० टक्के आट्यांमध्ये घासण्यात जातो, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम १० टक्के. ज्या १० टक्क्यांशी आपल्याला घेणंदेणं आहे, ते ९० टक्के घर्षणाच्या मागे लपलेले आहेत.

कापसाचा ओलावा आणि बोल्टचा ताण

हे यवतमाळच्या माणसाला समजायला अवघड नाही. खरेदी केंद्रावर कापूस घेऊन गेलो की ग्रेडर मीटर खुपसतो आणि ओलावा सांगतो. सीसीआयच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ पर्यंत टक्क्यागणिक कपात, १२ च्या वर गाडी परत. शेतकऱ्याचा सगळा जीव त्या एका आकड्यात असतो.

पण ते मीटर ओलावा मोजत नाही. ते कापसाचा विद्युतरोध मोजतं. ओल्या कापसातून वीज सोपी जाते, रोध कमी येतो, आणि मीटर आतल्या कोष्टकावरून त्याचं टक्क्यात भाषांतर करून दाखवतं. कापूस किती दाबून भरलाय, मीटर ढिगात कुठे खुपसलं, याचाही त्या आकड्यावर परिणाम होतो. म्हणून अनुभवी शेतकरी म्हणतो, "एका जागी नको लावू, चार जागी लाव." त्यानं मापनशास्त्र वाचलेलं नसतं, पण मुद्दा त्याला बरोबर कळलेला असतो.

टॉर्क रेंचचंही तसंच. मोजतो एक, सांगायचं असतं दुसरं. तुमच्या प्रयोगशाळेतल्या बहुतेक उपकरणांचंही तसंच आहे. थर्मोकपल तापमान मोजत नाही, व्होल्टेज मोजतं. स्पेक्ट्रोफोटोमीटर संहती मोजत नाही, प्रकाश किती अडला ते मोजतो. प्रत्येक वेळी मधे एक 'के' बसलेला असतो. तो 'के' कुठल्या परिस्थितीत बदलतो हे माहीत असणं, हे उपकरण वापरता येण्याचं अर्धं काम आहे.

सगळ्यात मोठी चूक कुठून येते?

दुकानात गेलात, की विकणारा सांगतो: हा ४ टक्क्यांचा साधा पाना, हा डिजिटल २ टक्क्यांचा, हा त्याहून भारी १ टक्क्याचा. किंमत तशी चढत जाते. मन डिजिटलकडे ओढतं. थांबा, हिशोब करू.

टॉर्कवरून ताण ठरवताना घर्षणामुळे येणारी अनिश्चितता अभियांत्रिकीत साधारण ±२५ ते ३० टक्के धरतात. आपण २५ धरू. पान्याची ४. दोन स्वतंत्र चुका असल्या तर त्यांचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ. २५ चा वर्ग ६२५, ४ चा १६, बेरीज ६४१, वर्गमूळ २५.३. आता १ टक्क्याचा महाग पाना घेतला: ६२५ अधिक १, वर्गमूळ २५.०२.

पैसे कितीतरी पट गेले आणि अनिश्चितता २५.३ वरून २५ वर आली. त्यापेक्षा एक तारेचा ब्रश आणि जुनं फडकं घेऊन आटे साफ केले, मॅन्युअल 'कोरडे' म्हणत असेल तर कोरडे ठेवले, वायसर नवा टाकला, तर जास्त फरक पडेल.

हा हिशोब पाठ करून ठेवा. संशोधनात कितीतरी लोक पाचव्या दशांशापर्यंतचा तराजू मागतात आणि नमुना मात्र दमट हवेत उघडा ठेवतात. आधी सगळ्यात मोठी चूक शोधायची. पैसे आणि वेळ तिच्यावर खर्च करायचे. बाकीच्या चुका तिच्यापुढे हिशोबातही येत नाहीत.

इंजिन बनवणाऱ्यांनीही हे ओळखलंय. म्हणून कित्येक आधुनिक इंजिनांच्या हेड बोल्टसाठी नुसता टॉर्क देत नाहीत. आधी ठराविक टॉर्क, आणि तिथून पुढे ९० अंश फिरवा, अशी सूचना असते. कोन फिरवला की बोल्ट आट्यांच्या अंतराच्या हिशोबानं लांबतो; घर्षण मधे फारसं येत नाही. मोजायची राशीच बदलली की 'के'चा त्रास कमी होतो.

मग निवडायचं कसं? आधी बोल्टांची यादी

पाना बघायच्या आधी वही घ्या. गाडीच्या मॅन्युअलमधून, तुम्ही खरंच घरी जी कामं करणार आहात तेवढेच बोल्ट लिहा. इंजिन खोलणार नसाल तर हेडचे आकडे नकोत. साधारण चित्र असं दिसेल (तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या मॅन्युअलमधूनच घ्या):

– इंजिनच्या झाकणांचे ६ मिलिमीटरचे बोल्ट: १० न्यूटन-मीटरच्या आसपास
– मोटरसायकलचा स्पार्क प्लग: आट्याच्या मापाप्रमाणे १० ते २०
– ऑइलचा ड्रेन बोल्ट: २० ते ३५
– मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा ॲक्सल नट: ५० ते ९०
– छोट्या कारचे चाकाचे नट: ८५ ते ११०

ही यादी बघितली की एक गोष्ट लगेच कळते. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आकड्यात दहापटीचा फरक आहे. एका पान्यात हे बसत नाही. सोन्याचा काटा आणि कापसाचा काटा वेगळे असतात, तसंच हे.

प्रचलित नियम असा की पान्याच्या कमाल क्षमतेच्या २० टक्क्यांखाली त्याच्यावर भरवसा ठेवू नये. मी वापरलेला २१० चा पाना होता. त्याचे २० टक्के म्हणजे ४२. म्हणजे पट्टी २८ पासून छापलेली असली तरी तो खऱ्या अर्थानं ४२ च्या पुढे कामाचा. मी त्याच्याकडून २५ मागत होतो. आतली स्प्रिंग इतकी सैल झालेली होती की 'टक्' झालंही असेल, पण हाताला आणि कानाला कळेल एवढं नाही. आपलं नेहमीचं काम पान्याच्या टप्प्याच्या मधल्या भागात, साधारण ३० ते ८० टक्क्यांमध्ये पडेल असा पाना घ्यायचा.

त्यावरून माझा सल्ला असा:

फक्त मोटरसायकल किंवा स्कूटर असेल तर तीन सुती चौकाचा, साधारण १० ते ५०-६० न्यूटन-मीटरचा पाना पहिला घ्या. ड्रेन बोल्ट, प्लग, बरेचसे मधले बोल्ट त्यात येतात. ६ मिलिमीटरचे बोल्ट तुम्ही खूप खोलत असाल तर दोन सुती, ५ ते २५ चा छोटा पाना नंतर घ्या.

फक्त कार असेल आणि काम म्हणजे मुख्यतः चाकं, तर चार सुती, ४० ते २०० च्या आसपासचा. माझ्या मित्राचा पाना याच जातीचा. मिस्त्रीचं म्हणणं अगदी बरोबर होतं, तो चाकाचा पाना होता.

दोन्ही असतील तर दोन पाने. एकच 'सगळ्याला चालणारा' शोधू नका.

(सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दुकानात 'तीन सुती' म्हटलं की बरोबर वस्तू हातात येते.)

टक्के कशाचे? हे विचारा

पान्याच्या खोक्यावर '±४%' लिहिलेलं असतं. हे चार टक्के कशाचे? तुम्ही लावलेल्या आकड्याचे, की कमाल आकड्याचे?

हातानं चालवायच्या टॉर्क साधनांसाठी आयएसओ ६७८९ हे मानक आहे. आवाज करणाऱ्या पान्यांसाठी त्यात १० न्यूटन-मीटरपेक्षा जास्त क्षमतेला ±४ टक्के आणि त्याखालच्यांना ±६ टक्के अशी मुभा आहे, आणि ती लावलेल्या आकड्याची. म्हणजे ५० वर लावला तर चूक २ न्यूटन-मीटरपर्यंत.

पण पुष्कळ उपकरणांत, विशेषतः काट्यांच्या मापकांत, टक्केवारी कमाल आकड्याची असते. २१० च्या पान्याला कमालीचे ४ टक्के म्हणजे ८.४ न्यूटन-मीटर. मोजताय १०० तर ठीक. मोजताय ३० तर तेच ८.४ म्हणजे २८ टक्के! खोक्यावर छापलंय ४.

प्रयोगशाळेतला दाबमापक, प्रवाहमापक, मल्टिमीटर घेताना हा प्रश्न विचाराच. माझ्या माहितीतल्या निम्म्या विद्यार्थ्यांनी प्रबंधात '±१ टक्का' लिहिलंय आणि कशाचा, ते कोणालाच माहीत नाही. त्यात एके काळी मीही होतो.

प्रकार कोणता?

बीम प्रकार: एक दांडी वाकते, दुसरी सरळ राहते, काटा पट्टीवर आकडा दाखवतो. दिसायला जुनाट, पण आत बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही. काटा शून्यावर आहे की नाही हे डोळ्यांनी दिसतं. अडचण एवढीच, समोरून वाचावं लागतं. गाडीखाली आडवं पडून तिरकं पाहिलं की दृष्टिभेदाची चूक.

क्लिक प्रकार: मूठ फिरवून आकडा लावायचा, तेवढा टॉर्क झाला की 'टक्'. घरच्या कामाला सगळ्यात सोयीचा. पण तो बिघडला तरी तोंडावर काही दिसत नाही. चुकीच्या जागीही तो तितक्याच आत्मविश्वासानं 'टक्' करतो.

डिजिटल: सोयीचा, आकडे साठवतो, कोनही मोजतो. सेल संपतात, आणि आकड्यावरचे दशांश पाहून उगाच विश्वास वाटतो. कोनाचं काम नसेल तर घरी गरज नाही.

पहिल्यांदाच घेत असाल तर क्लिक घ्या. पैसे कमी असतील तर बीम घ्यायला लाजू नका.

बरोबर आहे हे कशावरून?

बाजार समितीतल्या काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का लागतो. घरच्या पान्याला तसं बंधन नाही; चिंता आपणच करायची. चांगल्या पान्यासोबत कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र येतं. त्यात तीन गोष्टी बघा: तुमच्या पान्याचाच क्रमांक आहे का, कुठल्या कुठल्या आकड्यांवर तपासलाय, आणि ज्या साधनानं तपासला ते कोणाशी जोडलेलं आहे. आपल्या देशात ही साखळी वर जाऊन नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या मानकांना मिळते, आणि मधल्या प्रयोगशाळांना एनएबीएलची मान्यता असते. कारखान्यात वर्षातून एकदा किंवा ५००० वेळा वापरल्यावर पुन्हा तपासणी करतात. घरी वर्षात पन्नास बोल्टही होत नाहीत, पण पाना खाली आपटला असेल तर तपासा.

घरी ढोबळ तपासणी करता येते, आणि तो एक सुंदर प्रयोग आहे. दिवाळीनंतर मी तो त्याच पान्यावर केला. या वेळी त्याच्या टप्प्यात राहण्यासाठी ४० न्यूटन-मीटरवर, म्हणजे त्या २० टक्क्यांच्या रेषेच्या जवळच. पान्याचा चौक शिकंज्यात पकडला, पाना आडवा ठेवला. चौकाच्या मध्यापासून बरोबर ४० सेंटिमीटरवर, मुठीच्या मधोमध, दोरीनं बादली टांगली आणि हळूहळू पाणी ओतत गेलो. 'टक्' झालं की थांबलो आणि बादली, दोरी, पाणी असं सगळं किराणा दुकानातल्या काट्यावर मोजलं. पहिले दोन-तीन 'टक्' सोडून दिले, कारण बरेच दिवस पडून असलेला पाना सुरुवातीला अडखळतो. मग पाच वाचनं घेतली: ९.९, ९.८, १०.०, ९.८, ९.९ किलो. सरासरी ९.८८.

टॉर्क काढला: ९.८८ × ९.८ × ०.४० = ३८.७. म्हणजे पाना ४० म्हणतो आणि ३८.७ लाच वाजतो, तीन टक्के आधीच. मी तसं वहीत लिहूनही टाकलं.

रात्री झोपताना लक्षात आलं. पान्याला स्वतःचं वजन आहे! तो आडवा आहे, म्हणजे तोही खाली ओढतोय. सकाळी वजन केलं, १.२ किलो. बोटावर तोलून गुरुत्वमध्य काढला, चौकापासून १८ सेंटिमीटर. १.२ × ९.८ × ०.१८ = २.१. खरा टॉर्क ३८.७ अधिक २.१, म्हणजे ४०.८. पाना दोन टक्के आधी नाही, दोन टक्के उशिरा वाजत होता. एक विसरलेली गोष्ट, आणि निष्कर्षाची दिशाच उलटी.

आता बघा: पाचही वाचनं एकमेकांच्या जवळ होती. शंभर वेळा केलं असतं तरी जवळच आली असती आणि सरासरी तितकीच चुकीची राहिली असती. पद्धतशीर चूक सरासरीनं जात नाही. पुस्तकात हे वाक्य मी परीक्षेसाठी लिहिलं होतं. समजलं ते बादलीपाशी. आणखी एक: अंतर मोजताना एक सेंटिमीटर चुकलं तर थेट अडीच टक्के गेले. म्हणून दोरी कुठे टेकते ते नीट खूण करून मोजा.

वापरताना

मुठीच्या मधोमध धरा. बहुतेक क्लिक पान्यांत फिरायचा बिंदू चौकापासून थोडा दूर असतो, त्यामुळे हात सरकला की वाजायचा टॉर्कही सरकतो. म्हणूनच मुठीवर पाइप चढवायचा नाही. सावकाश, एका दमात ओढा, पहिल्या 'टक्'ला थांबा; 'खात्रीसाठी' दुसरं 'टक्' म्हणजे जादा टॉर्क. नट खोलायला हा पाना वापरू नका, त्याला टॉमी आणि साधी गोटी आहे. काम झालं की आकडा सगळ्यात खालच्या खुणेवर आणून ठेवा, त्याच्याही खाली नाही.

चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमानं, दोन फेऱ्यांत कसा, आणि ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली की पुन्हा एकदा तपासा. पान्यावर उभं राहून नट कसायची आपल्याकडची रीत सोडा. ६० किलोचा माणूस अर्ध्या मीटरच्या पान्यावर उभा राहिला की २९४ न्यूटन-मीटर होतात, हव्या त्याच्या जवळपास तिप्पट. असा नट रात्री पांढरकवड्याच्या रस्त्यावर पंक्चर झाल्यावर घरच्या पान्यानं खुलत नाही, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको.

बाबा बरोबर होते का?

थोडे होते. मिस्त्रीचा हात हे खरंच एक उपकरण आहे. तो ऑइलचा नट छोट्या रिंग पान्यानं कसतो. पान्याची लांबीच त्याला जादा जोर लावू देत नाही. नटाच्या मापाप्रमाणे पाने लहान-मोठे बनवतात त्याचं हेही कारण आहे. त्यात हजारो बोल्टांचा सराव, म्हणजे रोजचं कॅलिब्रेशन. मी त्या दिवशी छोटा रिंग पाना घेऊन सांभाळून कसला असता तर आटे वाचले असते. टप्प्याबाहेर वापरलेलं चांगलं उपकरण हे उपकरण नसण्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर आपण हाताची जाणीवही बाजूला ठेवतो.

पण मिस्त्रीचा हात मला उसना मिळत नाही, आणि तो किती न्यूटन-मीटरवर थांबला हे कोणी लिहून ठेवत नाही. संशोधनात दुसऱ्या माणसाला दुसऱ्या गावात तेच करून बघता आलं पाहिजे. त्यासाठी आकडा लागतो, आणि आकड्यामागचं उपकरण समजलेलं असावं लागतं.

तर संशोधन आराखड्यातलं 'साधने आणि पद्धती' लिहायला बसाल, तेव्हा प्रत्येक उपकरणासमोर चार ओळी लिहा. हे खरोखर काय मोजतं, आणि मला हवं ते त्यावरून कसं काढतो? माझं मोजमाप याच्या टप्प्यात कुठे पडतं? याची चूक कशाच्या टक्क्यात दिली आहे, आणि एकूण चुकीत तिचा वाटा किती? हे बरोबर आहे हे मी कशावरून म्हणतो? मुलाखतीत समितीनं तुमच्या उपकरणावर बोट ठेवलं, तर ती याच चारपैकी काहीतरी विचारेल.

या संक्रांतीला घरी गेलो तेव्हा १० ते ५० चा तीन सुती पाना विकत घेऊन गेलो. बाबांनी खोकं उघडलं, चष्मा लावला, पट्टीवर बोट ठेवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हा सुरू कुठून होते?"